सहा महिने उलटले, आता हात येईल का?

लकव्याचा झटका येऊन गेल्यावर काही महिन्यांनी जवळपास प्रत्येक घरात हा प्रश्न निघतो. मागच्या वर्षी आमच्याकडे आईच्या थेरपीसाठी आलेल्या एका मुलानंही तोच विचारला होता. "मॅडम, आईला झटका येऊन आठ महिने झाले. पायानं चालते, पण डावा हात काही कामाचा नाही. जे यायचं ते सहा महिन्यांत येतं म्हणतात. मग आता फिजिओवर पैसे घालायचे की नाही?" (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्याची आई लग्नाकार्याच्या ऑर्डरी घेऊन लांब रोट्या करून द्यायची. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. कणीक सैल भिजवायची, पाणी लावत परातीत आपटून आपटून तिला तार आणायची, मग गोळा दोन्ही हातांवर झुलवत लांबवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मटक्यावर टाकायचा. या कामाला दोन्ही हात सारखेच लागतात.

घरी व्यायाम चालूच होता. रबरी चेंडू दाबायचा आणि दाराला बांधलेल्या पुलीनं हात वर ओढायचा. हे दोन्ही आपल्याकडे घराघरांत चालतं, म्हणून जरा थांबून सांगते. झटक्यानंतर बहुतेकांची मूठ आपोआप आवळली जाते आणि अडचण बोटं उघडण्याची असते. अशा हातानं दिवसभर चेंडू दाबला तर जे आधीच जास्त होतंय त्याचाच सराव होतो. पुलीचंही तसंच. खांद्याचे स्नायू ढिले असताना हात जोरानं वर ओढला की खांदा दुखावतो आणि मग माणूस हात हलवायलाच भितो. त्याच्या आईचा, म्हणजे मावशींचा, खांदा दुखतच होता. आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या) ताईंनी पहिल्याच दिवशी पुली सोडायला लावली.

पहिल्या भेटीत मावशी फारशा बोलल्या नाहीत. मुलगा म्हणाला, "तिनं आता आराम करावा. हात सरळ झाला, चारचौघांत बरा दिसला, की बस." मी मावशींना विचारलं, तुम्हाला काय हवंय? बराच वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, "हात सरळ होऊन काय करू? मले रोटी टाकता आली पाह्यजे."

आमचं सगळं काम त्या एका वाक्यावर उभं राहिलं. हात 'बरा होणं' हे ध्येय मोजता येत नाही, त्याचा रोजचा सरावही ठरवता येत नाही. रोटीचं तसं नाही, तिचे तुकडे पाडता येतात: डाव्या हातानं परात धरून ठेवणं, बोटं पसरून कणीक दाबणं, ओला गोळा उचलणं, दोन्ही हात छातीच्या उंचीवर धरणं. थॉमस किरेसुक आणि रॉबर्ट शर्मन यांनी 1968 साली मांडलेली, ध्येय किती गाठलं ते मोजायची एक मोजपट्टी आम्ही वापरतो. आज जिथे आहोत ते उणे दोन, ठरलेल्या मुदतीत जमेल असं वाटतं ते शून्य, त्याहून जास्त जमलं तर अधिक एक, अधिक दोन. मावशींचं शून्य असं ठरलं: दोन पोळ्यांची कणीक, डाव्या हातानं परात धरून, कुणाच्या मदतीशिवाय.

मुलाला हे फार किरकोळ वाटलं. "एवढ्यासाठी थेरपी?" तो म्हणाला. मी त्याला आईचा हात नीट बघायला सांगितलं. मनगट थोडं वर येत होतं, बोटं थोडी उघडत होती, पण चहाचा कप असो की साडीची निरी, सगळं उजव्या हातानं उरकलं जायचं. डाव्याची गरजच पडत नव्हती, आणि न वापरलेला हात हळूहळू वापरातून जातोच. यावर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांनी उपाय मांडला. चांगला हात हातमोज्यात अडकवायचा आणि दुबळ्या हाताला भरपूर काम द्यायचं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत झटक्यानंतर तीन ते नऊ महिने झालेल्या 222 जणांमध्ये हा उपाय नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरला. मात्र मनगट आणि बोटं मुळीच हलत नसतील तर तो लागू पडत नाही, आणि थेरपिस्टनं तपासल्याशिवाय घरच्या घरी चांगला हात बांधून ठेवणं धोक्याचं आहे, माणूस तोल जाऊन पडू शकतो.

सहा महिन्यांच्या गोष्टीत तथ्य आहे, पण अर्धंच. सर्वांत वेगानं सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, हे खरं. पण नंतर दार बंद होतं, हे खरं नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या रुग्णालयात झटक्यानंतरच्या हातासाठी चालवलेल्या थेरपी कार्यक्रमाचे निष्कर्ष 2019 साली आले. 224 रुग्ण, त्यातल्या निम्म्यांना झटका येऊन दीड वर्षाहून जास्त झालेलं. तीन आठवड्यांत 90 तास सराव, तोही प्रत्येकाच्या स्वतःच्या ध्येयाला धरून. हात सुधारले आणि सहा महिन्यांनी तपासले तेव्हाही ती सुधारणा टिकून होती. त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून सगळं श्रेय सरावालाच देता येत नाही, हे मी मुलाला सांगितलं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाच्या थेरपीतून तेवढं मिळणार नाही, हेही सांगितलं. सराव घरीच वाढवावा लागणार होता.

घरी रोज जेवणाआधी परात यायची. सुरुवातीला नुसतं ओलं पीठ, त्यात पाचही बोटं पसरायची. हात थकला की मूठ आवळायची, मग थांबायचं. दरम्यान मावशींचं जेवण आणि झोप दोन्ही उडाल्याचं कळलं. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि ते राहिलं की सरावही सुटतो. डॉक्टरांनी गोळी सुरू केल्यावर फरक पडला.

शून्य गाठलं तेव्हा मावशींनी स्वतःच पुढचं मागितलं: मटका. इथे मात्र थेरपिस्ट ताई अडून बसल्या. डाव्या तळव्याला ऊन-गार नीट कळत नव्हतं, भाजलं तरी कळलं नसतं. मावशी रागावल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत. शेवटी ठरलं ते असं: कणीक मावशी तिंबतात, लहान गोळा दोन्ही हातांवर झुलवून पसरतात, मटक्यावर जाऊबाई टाकते. पूर्वीएवढी लांब रोटी अजून होत नाही. कदाचित होणारही नाही, हे त्यांना माहीत आहे. छोट्या ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्यात.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर फिजिओकडे जाण्याआधी त्यांनाच विचारा, या हातानं सगळ्यात आधी काय करायचंय? बोलता येत नसेल तर घरातल्या वस्तू समोर ठेवा, ते बोटानं दाखवतील. उत्तर त्यांच्याच शब्दांत कागदावर लिहा आणि थेरपिस्टला द्या. उठवताना-बसवताना दुबळ्या हाताला धरून ओढू नका. खांदा दुखायला लागला तर सराव रेटू नका, आधी दाखवा. आणि अचानक चेहरा वाकडा झाला, बोलणं अडखळलं किंवा हातापायातली शक्ती नव्यानं गेली, तर थेट मोठ्या दवाखान्यात न्या आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा.