सीडी१६ अँटीबॉडीची बाटली बदलली आणि एका दात्याच्या एनके पेशी (विषाणूबाधित पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) कोऱ्या दिसू लागल्या, असं का?

सांगलीत रक्त घ्यायचं आणि पुण्यातल्या सायटोमीटरवर (रंगीत अँटीबॉडी लावलेल्या पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रावर) चालवायचं, असा तुमचा प्रोजेक्ट. नवी बाटली दुसऱ्या कंपनीची. बाकीचे दाते ठीक, पण एका धडधाकट माणसाच्या सीडी५६ असलेल्या, म्हणजे एनके, पेशींवर सीडी१६ जवळजवळ नाहीच. मी मिरजेत याच कामात आहे, म्हणून सांगतो: आधी दोन्ही बाटल्यांवरचा क्लोन, म्हणजे त्या अँटीबॉडीचं नेमकं वाण, वाचा.

सीडी१६ हे पेशीवरच्या रिसेप्टरचं (आयजीजी अँटीबॉडी पकडणाऱ्या प्रथिनाचं) नाव झालं. तुमची अँटीबॉडी त्याच्या नेमक्या कुठल्या भागाला चिकटते, ते क्लोनवरून कळतं. कोलर आणि मिलस्टाईन यांनी १९७५ साली हायब्रिडोमाची (अँटीबॉडी बनवणारी पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडून एकाच जातीची अँटीबॉडी मिळवण्याची) पद्धत दिली. तिच्यातून निघालेला प्रत्येक रेणू एकच जागा ओळखतो. म्हणूनच ही अँटीबॉडी इतकी भरवशाची, आणि म्हणूनच ती जागा बदललेल्या माणसात ती साफ चुकते. ३जी८ आणि बी७३.१ हे दोन्ही क्लोन 'सीडी१६' म्हणूनच विकले जातात. काही जणांच्या सीडी१६एमध्ये (एनके पेशींवरचा सीडी१६) ४८व्या जागचं अमिनो आम्ल जन्मतःच वेगळं असतं (सिग्नल पेप्टाइड धरून मोजलं तर ६६वं, काही पेपरांत तोच आकडा दिसेल). त्या जनुकाच्या दोन्ही प्रती तशा असल्या की बी७३.१ चिकटत नाही, ३जी८ मात्र चिकटतो. रिसेप्टर पेशीवर असतो, तुम्हाला दिसत नाही एवढंच.

तेव्हा त्याच दात्याचं ताजं रक्त पुन्हा घ्या आणि दोन नळ्यांत दोन क्लोन लावून बघा. तोवर त्या माणसाला 'तुमच्या एनके पेशी कमी आहेत' असं कृपा करून सांगू नका. उगाच घाबरेल बिचारा.

दोन्ही क्लोन फिके आले तर प्रवासावर संशय घ्या. पेशी उत्तेजित झाल्या की एडीएएम१७ नावाचं एन्झाइम पृष्ठभागावरचा सीडी१६ कापून टाकतं, आणि नमुना शिळा होताना न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशीही तो गमावतात. मे महिन्यात सांगलीहून निघालेली नळी गाडीच्या डिकीत तापत राहिली तर काय होईल ते तुम्हीच बघा. याची खूण त्याच नळीत सापडते: ताज्या रक्तात ३जी८ लावला की न्यूट्रोफिल झगझगीत दिसायला हवेत. तेही मलूल असतील तर बाटलीला दोष देऊ नका. (क्वचित एखाद्याच्या न्यूट्रोफिलवर सीडी१६बी (न्यूट्रोफिलवरचा सीडी१६) जन्मतःच नसतो, त्याचं जनुकच गैरहजर असतं. पण तेव्हा एनके पेशी व्यवस्थित दिसतात.)

आणखी एक. आयजीजीची शेपटी रिसेप्टरवर जिथे बसते ती जागाच ३जी८ अडवतो. त्यामुळे ३जी८ लावलेल्या पेशी पुढे एडीसीसीच्या (अँटीबॉडी चिकटलेली पेशी एनके पेशी मारतात का, हे बघण्याच्या) प्रयोगाला वापरू नका, त्यासाठी वेगळा भाग राखून ठेवा.

प्रबंधात नुसतं 'अँटी-सीडी१६' लिहून भागणार नाही. क्लोन, रंग आणि लॉट नंबर तिन्ही लिहा. बाटल्यांवरचे क्लोन इथे कळवलेत तर नेमकं काय झालं असेल ते सांगता येईल.