श्रोडिंगर समीकरणाची उत्तरं काळाबरोबर विरत जातात म्हणजे काय? एकूण संभाव्यता तर १ च राहते ना? आणि हा क्षय युरेनियमसारखा एक्स्पोनेन्शियल असतो का?

नेमक्या याच प्रश्नावर २०११ साली एम.एस्सी.च्या व्हायवात माझी विकेट पडली होती. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

प्रोजेक्ट साधं होतं. एका मितीतला मोकळा कण, त्याचं गॉसियन पॅकेट (घंटेच्या आकाराचा तरंगांचा पुंजका), आणि क्रँक-निकोल्सन या संगणकी पद्धतीने एकेक पाऊल पुढे नेत त्याचा माथा किती उतरतो ते बघायचं. एच-बार (प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय) १, वस्तुमान १, सुरुवातीची रुंदी १, पेटी उणे २०० ते अधिक २००. लॅबमधला संगणक मधूनच गरम होऊन बंद पडायचा, म्हणून मी टेबलफॅन त्याच्याकडे वळवून स्वतः घामाघूम बसायचो. लॉग-लॉग आलेख (दोन्ही अक्षांवर लॉगरिदम, म्हणजे रेघेचा स्लोप हाच काळाचा घात) काढला तर सुरुवातीला थोडी वाकडी आणि काळ १० च्या पुढे पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ. स्लोप उणे अर्धा. त्या रात्री होस्टेलवर मी चार जणांना उठवून तो कागद दाखवला होता.

व्हायवात एक्स्टर्नल सरांनी शीर्षकातल्या डिके, म्हणजे क्षय, या शब्दालाच हात घातला. "डिके म्हणता? नॉर्म तर १ राहतो. मग डिके कसला?" मी म्हटलं, सर, एल-टू नॉर्म, म्हणजे एकूण संभाव्यता, टिकतो, उतरते ती कमाल किंमत. तर ते खडू घेऊन उभेच राहिले. रुंदी काळाच्या पटीत वाढते, क्षेत्रफळ १, म्हणून उंची एक भागिले काळ. "स्लोप उणे १ यायला हवा. तुमचा उणे अर्धा कसा?" माझी दातखीळ बसली. साय (ψ) म्हणजे समीकरणाचं उत्तर असलेलं तरंगफलन, आणि त्याच्या किमतीचा वर्ग म्हणजे संभाव्यतेची घनता. त्यांची उंची साय-वर्गाची होती, माझी नुसत्या सायची. वर्ग केला की अर्ध्याचा एक होतो, बारावीचं पोरगं सांगेल. मला ते सुचलं तेव्हा पान उलटलेलं होतं. गाइड शेजारी बसून चहात बिस्किट बुडवत होते, एक शब्द बोलले नाहीत. १०० पैकी ५४.

तर तुमचं उत्तर त्या फळ्यावरच होतं. संभाव्यता कुठे जात नाही, पसरते. पॅकेटमध्ये वेगवेगळे संवेग असतात, प्रत्येकाची चाल वेगळी, म्हणून पांगापांग होते. एका मितीत साय काळाच्या उणे अर्ध्या घाताने उतरतं, तीन मितींत उणे दीड. क्लासमध्ये पोळी लाटण्याची उपमा देतात, ती मला अजिबात आवडत नाही, कारण चालींतल्या फरकाचा तिच्यात पत्ताच नसतो. तो फरक काढून टाका आणि बघा: वस्तुमान नसलेल्या साध्या तरंग समीकरणात सगळे एकाच वेगाने जातात, म्हणून एका मितीत क्षय शून्य. तीन मितींत एक भागिले काळ, तोही फक्त सगळ्या दिशांना पसरल्यामुळे. त्याच समीकरणात वस्तुमान घातलं की क्लाइन-गॉर्डन समीकरण होतं, आणि घात पुन्हा उणे दीड.

हे बारीकसारीक वाटत असेल तर इलेक्ट्रॉन घ्या. एक अँगस्ट्रॉममध्ये कोंडून मोकळा सोडला तर ३ गुणिले १० चा उणे १६ वा घात इतक्या सेकंदांत रुंदी दुप्पट होते. एका सेकंदात ती जवळपास ५८० किलोमीटर.

युरेनियमचं गणित वेगळं. तिथे अल्फा कण अडथळ्यामागे अडकलेला असतो आणि झिरपत बाहेर येतो, गॅमोने १९२८ मध्ये दाखवलं तसं. ते एक्स्पोनेन्शियल (ठरावीक काळात दरवेळी निम्मं होणारं) दिसतं खरं, पण कायम नाही. ऊर्जेला खालून मर्यादा आहे, म्हणून फार उशिरा तिथेही काळाच्या घाताचाच नियम उरतो, हे खाल्फिनने १९५७ मध्ये सिद्ध केलं. २००६ मध्ये सेंद्रिय रेणूंच्या प्रकाशात ते मोजलंही गेलं. तेव्हा "क्षय म्हणजे एक्स्पोनेन्शियलच" असं कुणी सर ठणकावून सांगत असतील तर खुशाल वाद घाला. फक्त साय की साय-वर्ग हे आधी विचारून घ्या. आणि प्रबंधाच्या शीर्षकात डिके हा शब्द बिनधास्त ठेवा, गणितवाले सर्रास वापरतात.

आता पुस्ती. वरचं सगळं मोकळ्या कणाचं. पोटेन्शियल (कणावर बल लावणारं काही) असेल तर बद्ध अवस्था, म्हणजे कण अडकून राहतो त्या, हलतच नाहीत, त्या वजा करूनच बोलायचं. शून्य ऊर्जेला रेझोनन्स (जेमतेम बद्ध न झालेली अवस्था) निघाला तर तीन मितींतही क्षय उणे अर्ध्यावर घसरतो, हे जेन्सन आणि काटो यांचं १९७९ चं काम. अरेषीय समीकरणांना मी हात लावत नाही.

आणि बंद पेटीत क्षय नसतोच. तिथे ऊर्जापातळ्या सुट्या सुट्या, सगळं भिंतीवर आपटून परत येतं. माझी पेटी बंदच होती. काळ २०० च्या आसपास रेघेवर लहरी दिसू लागायच्या, ३०० ला माथा चक्क वरखाली. प्रबंधातला आलेख मी १५० ला कापला होता. त्या सरांनी फळा पुसता पुसता "दीडशेच्या पुढे काय?" एवढंही विचारलं होतं. मी म्हटलं, असंच चालू राहतं सर. ३०० पर्यंतचा प्रिंटआउट तेव्हा माझ्या बॅगेत होता.