पहिल्या दिवसाच्या सोनोग्राफीवर विसंबू नकोस

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. खानापुरात काम सुरू केलंस हे ऐकून फार बरं वाटलं. पोटात असताना किडनी फुगलेली दिसली म्हणून पाठवलेली बाळं आता तुझ्याकडे येतील.

जन्मानंतर पहिले दोन दिवस बाळाला लघवी कमी होते. त्यामुळे तुंबलेली किडनीही तेव्हा जवळजवळ नॉर्मल दिसते. घरच्यांना घरी जायची घाई असते, "आत्ताच बघून सांगा" म्हणतात. तू ४८ तास उलटू दे. त्यानंतर नॉर्मल दिसली, तरी चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा बोलाव.

मात्र मुलगा आहे, दोन्ही किडन्या फुगल्यात, गर्भजल कमी होतं, असं असेल तर तासभरही थांबू नकोस. मूत्राशयाची भिंत जाड आणि खाली मागचा मूत्रमार्ग रुंदावलेला दिसला, तर व्हॉल्व्हचा, म्हणजे मूत्रमार्गात लघवी अडवणाऱ्या पडद्याचा, संशय धर. बालरोगतज्ज्ञांना तिथूनच फोन कर. लघवीची नळी घातल्यावरच गाडी बेळगावकडे निघू दे.

सोनोग्राफीची सुरुवात मूत्राशयापासून कर. जेल कोमट हवं. गार लागलं की बाळ लगेच शू करतं आणि भरलेलं मूत्राशय बघायचं राहून जातं. केलीच शू, तर धार बघ. जोरात येते की थेंबथेंब? मग आईलाही विचार. दुपटी बदलणारी तीच असते, तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

नवजात किडनीतले पिरॅमिड, म्हणजे आतल्या भागातले त्रिकोणी तुकडे, काळे दिसतात, त्यांना फुगलेले कॅलिसेस (लघवी गोळा करणारे छोटे पेले) समजू नकोस. ते सुटे सुटे, गोलाकार मांडलेले असतात. पेल्व्हिसला, म्हणजे किडनीतली लघवी जिथे साठते त्या पिशवीला, जाऊन मिळत नाहीत. पेल्व्हिस आडव्या छेदात, हायलमपाशी (किडनीच्या आतल्या बाजूच्या खाचेपाशी), पुढून मागे मोज. १० मिमीच्या वर गेला तर नीट पाठपुरावा हवाच. कॅलिसेस, कॉर्टेक्सची (किडनीच्या बाहेरच्या थराची) जाडी, युरेटर (किडनीपासून मूत्राशयापर्यंतची नळी) यांचंही लिही. नुसतं 'माइल्ड' लिहिलेला रिपोर्ट मला आजही अस्वस्थ करतो, कारण पुढच्या डॉक्टरला तुलना कशाशी करायची तेच कळत नाही.

आणि आपल्या सीमाभागात पुढचा डॉक्टर बहुधा दुसराच असतो. तपासण्या बेळगावला, बाळंतपण माहेरी चंदगडला, नंतर कुणी सांगितलं म्हणून कोल्हापूर. रिपोर्ट इंग्रजीत, तायी कार्ड (कर्नाटक सरकारचं गरोदर मातेच्या नोंदींचं कार्ड) कन्नडमध्ये, आईला येतं मराठी. म्हणून आकडे आणि मोजल्याची तारीख रिपोर्टवर घाल, आणि पुन्हा कधी यायचं ते वेगळ्या कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून दे. सोबत आजी असेल तर तिलाही वाचून दाखव. पुढच्या खेपेला बाळाला आणायचं की नाही, हे पुष्कळ घरांत तीच ठरवते.

तुझे,
सर