ठाण्यात घोडबंदर रोडवर रोज गाडी चालवतो. ब्रेक पॅड नवे टाकले तरी पेडल मऊ लागतं. काय तपासू?

नवे पॅड टाकून हा मऊपणा जात नाही. बहुतेक वेळा ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा असते. उभ्या गाडीत पेडल भराभर चार-पाचदा दाबा. कडक होऊन वर आलं तर ब्लीडिंग (लाइनमधली हवा बाहेर काढणं) करून घ्या. (मागचे ड्रम ब्रेक सैल असले तरी पेडल असं वर येतं, पण ते मऊ नसतं, नुसतं खोल जातं.)

इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरा. हळूहळू खाली बसत गेलं तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर लाइनमध्ये ऑइल ढकलणारा भाग) सील गेलंय. अशी गाडी गायमुख घाटात घालू नका, टो करूनच न्या.

ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) चा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. ऑइल तापून उकळलं की लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. म्हणून उतारावर मऊ आणि थंड झाल्यावर ठीक, असं होत असेल तर आधी ऑइलच बदला. साधारण दोन वर्षांनी बदलावंच. ब्लीडिंग करताना रिझर्व्हॉयर (ब्रेक ऑइलचा डबा) रिकामा होऊ देऊ नका, परत हवा शिरते.