मनीचा रिपोर्ट त्या दांपत्याला सांगू की नको?

वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

“सप्रेम नमस्कार. गेली सहा वर्षे मी जखमी आणि सोडून दिलेली मांजरे घरी आणते, बरी करते आणि चांगल्या घरी देते. सध्याची दोन मांजरे मात्र कोठेच जात नाहीत. ढब्बू हा पाच-सहा वर्षांचा बोका; तोंडावर जुन्या भांडणांचे व्रण आहेत, पण आता निर्बीजीकरण झाले आहे आणि स्वभाव अगदी गरीब आहे. दिवसभर माझ्या खुर्चीखाली बसून असतो, दुसऱ्या मांजरावर पंजासुद्धा उगारत नाही. त्याला एफआयव्ही, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या विषाणूचा संसर्ग, आहे. तीन घरांना मी ‘याला मांजरांचा एड्स आहे’ असे प्रामाणिकपणे सांगितले आणि तिघांनीही फोन ठेवून दिला. दुसरी मनी, आठ महिन्यांची. ती आली तेव्हा ठणठणीत दिसत होती, म्हणून दहा दिवस तपासणीच केली नाही. पुढे चाचणी केली तर फेलाइन ल्युकेमिया हा मांजरांचा विषाणूजन्य आजार निघाला. त्या दहा दिवसांत ती माझ्या अकरा वर्षांच्या मांजरीला चाटत होती, तिच्याच वाटीत जेवत होती. जागा कमी, म्हणून गेल्या महिन्यापासून ढब्बू आणि मनी दोघांना एका खोलीत ठेवले आहे. दोघेही आजारीच आहेत. आता एका दांपत्याला मनी फार आवडली आहे. त्यांच्या घरी आधीच एक मांजर आहे. त्यांनी आजाराविषयी काही विचारलेले नाही. या कामातली माझी मैत्रीण म्हणते, ‘विचारले नाही तर सांगायचे कशाला? घर मिळतेय ना?’ यजमान म्हणतात, डॉक्टरांकडून दोघांना इंजेक्शन देऊन शांतपणे जाऊ दे. मला रात्ररात्र झोप नाही. काय करू?”

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले, आणि दुसऱ्यांदा वाचताना ज्या वाक्याशी थांबले ते त्या दांपत्याविषयीचे नव्हते. ते होते ‘दोघेही आजारीच आहेत’ हे. माझे उत्तर पूर्ण वाचण्याआधी उठा आणि ढब्बू व मनी यांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. दुसरी खोली नसेल तर न्हाणीघर चालेल, मोठा पिंजरा चालेल. त्यांचे आजार दोन आहेत, विषाणू दोन आहेत आणि ते पसरण्याच्या वाटाही निराळ्या आहेत. एफआयव्हीने आधीच कमकुवत झालेल्या बोक्याला ल्युकेमियाचा विषाणू लागणे, ही त्याच्या बाबतीत घडू शकणारी सर्वांत वाईट गोष्ट आहे. असली गल्लत अनुभवी माणसांच्या हातूनही होते, कारण ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द दोघांच्याही कागदावर सारखाच छापलेला असतो.

आता त्या दांपत्याविषयी. सांगा, आणि आजच सांगा. मैत्रिणीचा सल्ला मनीच्या मायेपोटी आलेला असेल हे मी मान्य करते, पण त्या सल्ल्यात एका जिवाचा विचारच नाही, तो म्हणजे त्या घरात आधीपासून असलेल्या मांजराचा. ल्युकेमियाचा विषाणू लाळेतून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो. नाकाच्या स्रावातून, मूत्रातून आणि विष्ठेतूनही पडतो. तो पसरण्यासाठी भांडण लागत नाही, मैत्री पुरते: एकमेकांना चाटणे, एका वाटीत जेवणे, शौचाला एकाच ट्रेमध्ये जाणे. १९६४ साली ग्लासगो येथे विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा विषाणू सापडला, त्याचे निमित्तच मुळी असे होते की एका घरातल्या अनेक मांजरांना लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, झाल्याचे दिसून आले होते. म्हणजे मनी आणि ते मांजर यांची जितकी गट्टी जमेल, तितका धोका वाढेल. आणि वर्षभराने ते मांजर आजारी पडले की त्या दोघांना डॉक्टरांच्या तोंडून कळेल की हे मनीकडून आले आणि तुम्हाला ते ठाऊक होते.

मीही एकदा एका मांजरीचा जुना विकार ‘कधीमधी शिंकते’ एवढ्यावर उरकला होता. अकराव्या दिवशी ती त्याच टोपलीतून परत आली आणि टोपली धरून उभ्या असलेल्या बाईंच्या चेहऱ्याकडे मला बघवले नाही. तो आजार तरी किरकोळ होता.

फोन लांबवू नका. “मनीच्या रक्तात फेलाइन ल्युकेमियाचा विषाणू आढळला आहे. तो माणसाला होत नाही, पण तुमच्या मांजराला होऊ शकतो, म्हणून मी तिला तुमच्या घरी देऊ शकत नाही. हे पहिल्याच भेटीत सांगायला हवे होते, ते राहिले, याबद्दल क्षमस्व.” एवढे पुरे. त्यावर ते म्हणतील की आम्ही दोघांना वेगवेगळे ठेवू. तेव्हा नम्रपणे पण ठामपणे नकार द्या. दोन मांजरे एका घरात कायमची वेगळी ठेवणे कागदावर सोपे असते. प्रत्यक्षात कधीतरी दार उघडे राहतेच. ल्युकेमियावर लस आहे आणि ती उपयुक्तही आहे, तरी ती शंभर टक्के संरक्षण देत नाही. केवळ लसीच्या भरवशावर निरोगी मांजर आणि बाधित मांजर एकत्र ठेवणे मला पटत नाही.

मात्र मनीसाठी दुसरे घर शोधण्यापूर्वी तिची चाचणी पुन्हा करून घ्या. तुमच्या पत्रावरून तिची एकच तपासणी झालेली दिसते, बहुधा दवाखान्यात काही मिनिटांत होणारी. ती चाचणी रक्तातले विषाणूचे प्रथिन, म्हणजे प्रतिजन, शोधते. ती चांगली असली तरी क्वचित चुकते, आणि शिवाय संसर्ग झालेल्या प्रत्येक मांजराची वाट एकच नसते. काही मांजरांच्या शरीरात विषाणू वाढतच जातो. काहींची प्रतिकारशक्ती त्याला दाबून टाकते, मग तो पेशींच्या आत निद्रिस्त राहतो आणि रक्तातले प्रतिजन नाहीसे होते. अशी मांजरे एरवी इतरांना संसर्ग देत नाहीत, तरी पुढे कधी तो पुन्हा जागा होऊ शकतो. मनी यांपैकी कोणत्या वाटेवर आहे हे पहिल्या चाचणीवरून सांगता येत नाही. मधे महिनाभर तरी गेला आहे, तेव्हा आता प्रतिजनाची चाचणी पुन्हा आणि सोबत प्रयोगशाळेतली पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, असे दोन्ही करण्याविषयी डॉक्टरांशी बोला. तिच्या पुढच्या आयुष्याविषयी कोणाला काय सांगायचे, हे त्या अहवालांवर ठरेल.

चाचणी पुन्हा पॉझिटिव्ह आली, तर तिच्यासाठी जे घर शोधायचे ते असे, की जिथे दुसरे मांजर नाही किंवा आहे ते ल्युकेमियाबाधितच आहे, आणि जिथे ती कधीही मोकळी बाहेर जाणार नाही. खिडक्यांना जाळी आहे की नाही हे विचारू नका, जाऊन बघा. कुत्रा असेल तर हरकत नाही, त्याला हा विषाणू लागत नाही. अशी घरे नसतात असे तुम्हाला वाटेल, पण असतात: ज्यांचे एकुलते मांजर म्हातारपणाने नुकतेच गेले आणि नव्या पिल्लाच्या पंधरा-अठरा वर्षांची जबाबदारी घ्यायची छाती ज्यांना होत नाही अशी वयस्क माणसे, किंवा ज्यांच्याकडे असेच एक बाधित मांजर आहे आणि त्याला सोबत हवी आहे असे कोणी. त्यांना आयुष्याविषयीही स्पष्ट सांगा. विषाणू वाढत राहणाऱ्या मांजरांपैकी बरीचशी निदानानंतर तीन वर्षांच्या आसपासच जगतात. काही त्याहून पुष्कळ अधिक जगतात. रक्तक्षय, लिम्फोमा आणि वरचेवर होणारे इतर संसर्ग ही मृत्यूची नेहमीची कारणे. हे ऐकून दहापैकी नऊ जण मागे फिरले, तर फिरू द्या. दहावा माणूस सगळे जाणून येईल आणि तिच्या हिरड्या फिकट पडल्या, वजन घटले किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखान्यात जाईल. दर सहा महिन्यांनी तपासणी, कच्चे मांस अजिबात नाही, निर्बीजीकरण झालेले नसेल तर प्रकृती बघून करणे, हे त्याला लिहून द्या. आणि कोणत्याही कारणाने सांभाळता आली नाही, तर मनी तुमच्याकडेच परत येईल, ही अट त्याच कागदावर त्याच्या सहीने असू द्या.

तुमच्या म्हाताऱ्या मांजरीविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण झोप उडण्याचे खरे कारण तीच ओळ असावी, असा माझा अंदाज आहे. तिची अजून तपासणी केली नसेल तर ती न करण्यामागे भीती आहे. ती समजते, पण भीती बाजूला ठेवून तपासणी करा. वयाबरोबर मांजरांमध्ये या विषाणूला बराच प्रतिकार येतो. लहान पिल्लांना तो सहज धरतो, अकरा वर्षांच्या मांजरीला दहा दिवसांच्या सहवासाने धरेलच असे नाही. शेवटच्या संपर्कानंतर तीस दिवस उलटून गेलेले आहेत, त्यामुळे आता केलेल्या चाचणीवर विसंबता येईल. निगेटिव्ह आली तर लसीविषयी डॉक्टरांना विचारा. वाट्या आणि अंथरुणे जाळण्याची मात्र गरज नाही. शरीराबाहेर हा विषाणू फार टिकत नाही आणि साध्या साबणानेही मरतो. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या दुसऱ्या एका आजाराचा विषाणू निराळा, तो घरात वर्षभरही टिकून राहू शकतो. त्याची धास्ती ल्युकेमियाला लावण्याचे कारण नाही.

यजमानांच्या म्हणण्याला थेट उत्तर आहे. अमेरिकन असोसिएशन ऑफ फेलाइन प्रॅक्टिशनर्स या मांजरांच्या डॉक्टरांच्या संघटनेने या दोन्ही विषाणूंसंबंधी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे, की केवळ चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून मांजराला मारण्याचा निर्णय घेऊ नये. खाणाऱ्या-खेळणाऱ्या मनीला आज ते इंजेक्शन देण्याचे काहीही कारण नाही. पुढे कधी तिचे हाल थांबवता येईनासे झाले, तर तो प्रश्न त्या दिवशी विचारात घ्यावा लागेल, आणि तेव्हा तो क्रूर नसेल. तरीही यजमानांना कठोर समजू नका. सहा वर्षे घरातली एक खोली आणि बायकोची झोप मांजरांना देणारा माणूस असे बोलतो, तेव्हा बहुधा तो दमलेला असतो. ही दोघे मार्गी लागेपर्यंत नवे मांजर आणणार नाही, एवढा शब्द त्यांना द्या आणि पाळा.

राहिला ढब्बू, आणि त्याच्या बाबतीत तुमच्या प्रामाणिकपणाने त्याचेच नुकसान केले आहे. ‘मांजरांचा एड्स’ हा शब्द आजपासून टाकून द्या. १९८६ साली कॅलिफोर्नियात नील्स पेडरसन आणि जेनेट यामामोटो यांना हा विषाणू सापडला, तो काळ माणसांमधल्या एड्सच्या भीतीचा होता. विषाणूही त्याच कुळातला, म्हणून ते नाव चिकटले ते चिकटलेच. ऐकणाऱ्याला त्यातून दोन गोष्टी कळतात, मला होईल आणि हा लवकर मरेल. पहिली साफ खोटी आहे आणि दुसरी बहुतेक वेळा खोटी ठरते. एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, म्हणूनच तो भांडखोर, मोकाट बोक्यांमध्ये अधिक आढळतो. निर्बीजीकरण झालेला, न भांडणारा बोका निर्बीजीकरण झालेल्या इतर शांत मांजरांबरोबर राहिला, तर त्यांना संसर्ग होण्याची शक्यता अगदी थोडी असते. नीट काळजी घेतली तर अशी पुष्कळ मांजरे इतर मांजरांइतकीच जगतात. हिरड्या आणि दातांकडे लक्ष ठेवावे लागते, तोंडाची दाहक दुखणी त्यांना अधिक होतात. तेव्हा लोकांना सांगताना असे सांगा, की याची प्रतिकारशक्ती कमी करणारा एक विषाणू याच्या शरीरात आहे, तो माणसाला होत नाही, दुसऱ्या मांजराला तो मुख्यतः चावण्यातून जातो, आणि हा चावत नाही. यात काही लपवलेले नाही.

आता त्या दांपत्याकडे परत येऊ. मनी त्यांना मिळणार नाही हे सांगून झाल्यावर फोन ठेवण्यापूर्वी विचारा, की त्यांचे मांजर स्वभावाने कसे आहे, निर्बीजीकरण झाले आहे का, नव्या मांजरावर धावून जाते का. ते शांत असेल तर ढब्बूविषयी सांगा. मनीला त्यांच्या घराचे दार बंद आहे, ढब्बूला तसे असण्याचे कारण नाही. लगेच मात्र देऊ नका. तो महिनाभर मनीसोबत राहिला आहे, म्हणून दोघांना वेगळे केल्याच्या दिवसापासून किमान तीस दिवस मोजा, त्यानंतर त्याची ल्युकेमियाची चाचणी करा आणि ती निगेटिव्ह आली तरच पुढचे बोला. नेल्यावरही पहिले दोन-तीन आठवडे त्याला स्वतंत्र खोली, मग दाराच्या फटीतून वास, मग जाळीआडून ओळख, अशा क्रमाने जाऊ द्या. तोवर त्यांना त्याचा फोटो पाठवा. तो खुर्चीखाली बसतो तसाच काढा, व्रण दिसतील असा.