जनरेटर राहू द्या, आधी हप्ता थांबवा

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ६३, साखर कारखान्याच्या इंजिनिअरिंग विभागातून २०२३ मध्ये निवृत्त. त्याच वर्षी त्यांनी २०११ ची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर साडेचार लाखांना घेतली आणि आणखी साडेसहा लाख घालून तिची कॅम्पर व्हॅन करून घेतली. आत दोन बेड, छोटा ओटा, पाण्याची टाकी, छतावर एक टनाचा एसी. नवरा-बायको वर्षातून महिनाभर तरी त्यात फिरतात. वहिनींना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, त्यामुळे रात्री सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन लागतं. एसी आणि मशीन दोन्ही चालावीत म्हणून व्हॅनच्या खाली पेट्रोल जनरेटर बसवायचा विचार आहे. कोटेशन १ लाख ६० हजारांचं. एफडी मोडू की पॉलिसीवर कर्ज काढू, एवढंच त्यांनी विचारलंय.

पत्राच्या शेवटी मात्र एक वाक्य आहे: “पॉलिसीत माझे १५ लाख पडूनच आहेत, त्यावर कर्ज काढलं तर व्याज आपलंच आपल्याकडे राहतं, असं बँकेतला मुलगा म्हणाला.” या वाक्यानं माझी झोप उडवली. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो.

जनरेटर बसवू नका. एक टनाचा एसी रात्रभर चालवला तर साधारण ६ युनिट वीज लागते. छोटा जनरेटर एका लिटरला जेमतेम दोन युनिट देतो. म्हणजे रात्रीचं तीन लिटर पेट्रोल, ३०० रुपयांच्या वर. त्यात १ लाख ६० हजार आठ वर्षांत आणि वर्षाच्या ३० रात्रींत वाटले की रात्रीला साडेसहाशे आणखी. हजार रुपये नुसत्या गारव्याचे झाले. त्यात थोडी भर घातली तर कुठल्याही तालुक्याच्या गावी एसी खोली मिळते.

सीपॅपला तर जनरेटर लागतच नाही. त्यातला हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवला तर ते मशीन रात्रभरात पाव ते अर्धा युनिट वीज घेतं. १०० अँपिअर-अवरची एक लिथियम बॅटरी दोन-तीन रात्री आरामात काढते आणि गाडी चालताना पुन्हा चार्ज होते. इन्व्हर्टर आणि वायरिंग धरून ५०-६० हजारांत काम होतं. आणि एसीचं म्हणाल, तर मे महिन्यात कोकण किनाऱ्याऐवजी घाटावरच्या थंड आंबोलीला जा, किनाऱ्यावर डिसेंबरमध्ये उतरा. तुम्हाला वेळेचं बंधन नाही, ही तुमची खरी श्रीमंती आहे.

आणि एक गोष्ट पैशापलीकडची. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. आत एसीसाठी जनरेटर चालू होता आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड तळाच्या भोकातून आत शिरला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. तुमच्या व्हॅनचा तळ पाण्याच्या पाइपांसाठी आधीच तीन ठिकाणी कापलाय, असं तुम्हीच लिहिलंय. जिला श्वासाचाच त्रास आहे अशी व्यक्ती त्यावर झोपणार आहे. जनरेटरचा विषय इथेच संपवा.

आता त्या पॉलिसीकडे येऊ. २०२३ मध्ये फंड, ग्रॅच्युइटी आणि साठवलेले मिळून तुमच्या हातात ५८ लाख आले. पैसे खात्यात जमा झाले त्याच आठवड्यात बँकेतून फोन आला. दरवर्षी ५ लाख, १० वर्षं भरायचे. वयाच्या ७२व्या वर्षापासून २५ वर्षं दरवर्षी ५ लाख मिळणार आणि शेवटी भरलेले ५० लाख परत. सगळं ‘गॅरंटीड’, ‘एफडीसारखंच’. तुम्ही तीन हप्ते भरलेत, चौथा पुढच्या महिन्यात आहे.

शेवटचे ५० लाख कधी मिळणार, ते कुणी मोजून दाखवलं होतं का? तुमच्या ९६व्या वर्षी. सगळे आकडे मांडले तर परतावा वर्षाला जेमतेम ६ टक्के पडतो. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के मिळतात, तेही या तिमाहीपासून, बहात्तरीची वाट न बघता.

पण कमी परतावा हा यातला छोटा दोष आहे. हप्ता पगारातून भरायचा असतो. तुम्हाला पगार नाही. ईपीएसची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन महिन्याला साडेपाच हजार आणि घरखर्च ३२ हजार. म्हणजे हे ५ लाख तुम्ही मुदलातून उचलून देताय, ज्या मुदलाच्या व्याजावर घर चालतं त्यातूनच. नोकरी संपलेल्या माणसाला दहा वर्षांचा हप्ता लावणं ही चुकीची विक्री आहे, आणि ज्यानं ती केली त्याला तुमचा निवृत्तीचा दाखला समोर दिसत होता. मला याचा संताप येतो, कारण अशी पत्रं थांबत नाहीत. माणूस बदलतो, गाव बदलतं, फोन मात्र त्याच आठवड्यात येतो.

हिशोब बघा. ५८ मधले १५ पॉलिसीत गेले, ११ व्हॅनमध्ये, ४ घरखर्चाची तूट भरण्यात. उरले २८ लाख, सगळे एफडीत. सात टक्क्यांनी वर्षाचे दोन लाखांच्या आत व्याज, पेन्शनचे ६६ हजार, खर्च ३ लाख ८४ हजार. तूट सव्वा लाखाच्या आसपास. त्यावर हप्ता ५ लाख. पहिल्या वर्षाअखेर २२ लाख राहतील, दुसऱ्या वर्षी १५, तिसऱ्या वर्षी ७. महागाई ६ टक्के धरली तर चौथ्या वर्षी सातवा हप्ता भरल्यावर घरखर्चाला पुरे वर्ष निघणार नाही. तेव्हा तुम्ही ६७ च्या आत असाल आणि पॉलिसीचं पहिलं उत्पन्न ७२ला. मधली पाच-सहा वर्षं कशावर काढणार?

आणि “१५ लाख पडून आहेत” हेही खरं नाही. तुमच्या वेळच्या नियमांनुसार तिसऱ्या वर्षी पॉलिसी मोडली तर भरलेल्या हप्त्यांच्या किमान ३५ टक्के मिळतात, म्हणजे सव्वापाच लाख. चौथ्या ते सातव्या वर्षात तेच प्रमाण ५० टक्के होतं. कर्ज मिळतं ते या मोड-किमतीच्या काही भागावर, पंधरा लाखांवर नाही. त्याचं व्याज विमा कंपनीला जातं. ‘आपलंच आपल्याकडे’ हे साफ खोटं आहे.

म्हणून पॉलिसीवर कर्ज काढू नका, घाईत ती मोडूही नका, आणि चौथा हप्ता भरू नका. बहुतेक पारंपरिक पॉलिसींत दोन वर्षांचे पूर्ण हप्ते गेले की पुढचे थांबवता येतात आणि पॉलिसी ‘पेड-अप’ होते. तुम्ही दहापैकी तीन भरलेत, तर लाभही साधारण दहापैकी तीन राहतो: ७२व्या वर्षापासून वर्षाला दीड लाख आणि शेवटी १५ लाख. आज मोडून मिळणारे सव्वापाच लाख ८ टक्क्यांनी वाढवले, तरी दहा वर्षांत सव्वाअकरा लाख होतात. त्यावर २५ वर्षं दरसाल दीड लाख काढून मुद्दल शाबूत ठेवता येणार नाही. त्यामुळे पेड-अप ठेवणं फायद्याचं. तुमच्या पॉलिसीच्या अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून कंपनीकडून तीन आकडे लेखी मागवा: आजची मोड-किंमत, हप्ता न भरता वर्षभर थांबल्यावरची मोड-किंमत आणि पेड-अप केल्यावरचं वर्षवार वेळापत्रक. बँकेतल्या मुलाचं तोंडी उत्तर चालणार नाही.

पॉलिसीच्या पुस्तिकेत प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची प्रत असते, ती काढा. वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहिलंय बघा. निवृत्त माणसाच्या नावापुढे दहा-पंधरा लाख उत्पन्न किंवा ‘व्यवसाय’ असं लिहिलेलं असेल, तर तो तुमच्या बाजूचा सर्वात भक्कम पुरावा आहे. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते घेतात. कंपनीनं नकार दिल्यापासून वर्षभराच्या आत जावं लागतं. सगळे १५ लाख परत मिळतील असं आश्वासन मी देणार नाही, पण न भांडता सोडण्याएवढी ही रक्कम लहान नाही.

उरलेल्या २८ लाखांपैकी २५ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका. दर तिमाहीला ५१ हजार येतील. तीन लाख एफडीत, अडीअडचणीला. पेन्शन धरून महिन्याला २४ हजार जमतात, तूट ८ हजारांची. तुम्ही लिहिलंय की वरचा मजला मुलगा दिवाळीला येतो म्हणून रिकामा ठेवलाय. तो सात हजारांनी भाड्यानं द्या. मुलाला दिवाळीत खाली झोपायला जागा होईल. भाडं न घेता हे पैसे तुमच्या बहात्तरीपर्यंत कसेबसे पुरतात. भाडं आलं की त्यापुढे बरीच वर्षं जातील, आणि तोवर पेड-अपचे दीड लाखही सुरू झालेले असतील.

मेडिक्लेमचा पत्रात उल्लेखच नाही. कारखान्याचा गट विमा निवृत्तीबरोबर संपला असणार. वहिनींचा आजार न लपवता दोघांचा विमा घ्या. आधीच्या आजाराची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षं असते, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. जनरेटरचे वाचलेले पैसे पहिली दोनेक वर्षं याच हप्त्याला लावा. हा हप्ता मुदलातून गेला तरी चालेल, कारण दवाखान्याचं एक मोठं बिल दोन वर्षांचं व्याज खातं.

व्हॅनबद्दल एकच. २०११ ची गाडी, म्हणजे नोंदणीची १५ वर्षं यंदा भरतात. आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी करावी लागेल, पर्यावरण करही भरावा लागेल. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) अजून १२ आसनं आहेत आणि आत दोन बेड. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय असा बदल चालत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर दावा अडवू शकते. आरटीओच्या कामात मुरलेल्या माणसाकडून हे आधी मार्गी लावा. तोवर गाडीवर एक रुपयाही खर्च करू नका, लिथियम बॅटरीसुद्धा नाही.

मात्र या सगळ्याआधी उद्या बँकेत जा. चौथ्या हप्त्याचे ५ लाख खात्यातून आपोआप वळते व्हायची सोय तुम्ही २०२३ मध्येच सही करून दिली असेल. ती रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या, पोचपावतीवर शिक्का आणि तारीख घ्या. हप्त्याच्या तारखेपर्यंत त्या खात्यात पाच लाख शिल्लकच ठेवू नका. वहिनींना सोबत न्या. त्या मुलानं पुन्हा ‘तोटा होईल’ म्हणून घाबरवायला सुरुवात केली, तर तोटा किती ते कागदावर लिहून सही करायला सांगा.