बार्बेक्यूचं उरलेलं चिकन-मटण दुसऱ्या दिवशी कोरडं होतं, काय करावं?
आधी नीट ठेवा, ग्रिलवरून काढल्यापासून २ तासांत फ्रीजमध्ये गेलंच पाहिजे (हवा ३२ डिग्रीच्या वर असेल तर १ तासात), आणि मोठे तुकडे कापून पसरट डब्यात ठेवा म्हणजे लवकर गार होतात. फ्रीजमध्ये ३-४ दिवस टिकतं, त्याहून जास्त ठेवायचं असेल तर आधीच फ्रीझरमध्ये टाका. कोरडं होतं ते जास्त करून गरम करताना, म्हणून थोडं पाणी किंवा स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी) शिंपडून, झाकण घालून मंद आचेवर, आतून ७४ डिग्री होईपर्यंत गरम करा. लागेल तेवढंच काढा हां. मला विचाराल तर सगळ्यात भारी म्हणजे बारीक चिरून फ्राइड राइसमध्ये परतायचं, तो धुरकट वास भातभर पसरतो! हाडं पण फेकू नका, सूप मस्त होतं.